पावडी आधी

मे महिन्यात नागपुरात खेळायचं तर साडेपाचला.
आठनंतर काठीची मूठ हातात धरवत नाही
आणि ब्राऊनवरच्या तेलकट वाळूचा वास
डोक्यात चढतो.

कामठीला, छावणीमागे, सातवं होल.
उजवीकडे बाभळी.
त्या बाभळींत माझे किती चेंडू
ते मनीराम निनावेला ठाऊक
आणि तिथल्या मुंगसांना.

मागे नेणं मला जमतं.
काठी वर जाते, पाठ वळते,
हनुवटी डाव्या खांद्याशी,
इथवर मी पुस्तकातल्या आकृतीसारखा.
मग त्या वरच्या टोकावर
माझ्यात काहीतरी घाबरतं.
खांदे पुढे झेपावतात, हात धावत सुटतात,
काठी बाहेरून तिरकी हवा कापत येते
आणि चेंडू निघतो
बाभळींच्या घरी पाहुणा.

"साहेब, तुमी वरूनच सुरू करून राहिले,"
मनीराम म्हणाला. "काहून?"

काहून.
एजी ऑफिसात बत्तीस वर्षं काढली मी.
पाय टेबलाखाली, चपलांच्या बाहेर.
जे केलं ते मनगटाच्या पुढे:
शेरा, आक्षेप, पुन्हा शेरा, सही.
पायांचं मत
कुठल्या फायलीवर घेतलं नाही.

त्यानं बॅग उतरवली.
टीजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर बसला
पाय खाली सोडून,
आणि समोर काहीच नसताना
समोर काहीतरी आहे असे हात धरले.
"आमचा खड्डामाग होता, तांडापेठेत.
बाप विने, मी कांड्या भरू.
पायानं पावडी दाबली का सूत फाकते,
वाट होते. मंग धोटा.
वाट व्हायच्या आधी धोटा फेकला
त काय होईन, सांगा?"
तुटेल, मी म्हणालो.
"तुटन. आन वरून बाप एक ठेवून देईन.
पावडी आधी, साहेब.
हात मागून येते. त्याले बोलवा लागत नाही."

मी उभा राहिलो.
काठी वर जात होती, अजून पोचली नव्हती,
तेवढ्यात डावी टाच दाबली.
एवढंच. कंबर डावीकडे सरकली,
बसमध्ये कुणाला जागा द्यावी इतकी,
मांडीत पीळ भरला,
आणि हात
वरच राहिले क्षणभर, हुकूम न मिळालेले.
मग नुसते पडले.
उजवं कोपर बरगडीला घासून गेलं,
आणि जो आवाज झाला
तो मी केलेला नव्हता.

फार लांब नाही गेला. सरळ गेला.

पुढचा पुन्हा बाभळीत.
त्याच्या पुढचाही.
मनीराम काही बोलला नाही,
फक्त उजव्या पायाच्या अंगठ्यानं
माती दाबत राहिला, सोडत राहिला.

माग आहे अजून? चालता चालता विचारलं.
"खड्डा बुजवला न. वर टाइल बसवली.
पोरगा तिथं मोबाइल दुरुस्त करते.
रात्री तिथंच अंथरून टाकतो मी.
बायको म्हनते, झोपीत पाय चालते तुमचे."
हसला. मग हसणं थोडं लवकर संपवलं.

तुझा हात कसा आहे रे, म्हणून
मी काठी पुढे केली.
त्यानं ती घेतली, फडक्यानं पुसली
आणि बॅगेत ठेवून दिली.

आठव्या टीवर त्यानं खिशातून चेंडू काढला.
हिरव्या शाईचा ठिपका, माझाच,
मागच्या शनिवारचा,
एका बाजूला काट्यानं ओरखडलेला.
टीवर नीट बसवला,
डोक्यावरचा दुपट्टा कानांवर ओढून घेतला
आणि म्हणाला,
"घाई नका करू, साहेब.
आठ वाजून राहिले."