रात्रशाळा, दारूखाना

फळ्यावर लोखंड, ऑक्सिजन,
बाणापलीकडे गंज.
मोजा, म्हटलं.

तबरेज दिवसभर जहाजं कापतो.
बोटांवर मोजताना
डावा हात चारातच संपतो,
मग उजव्याकडून एक उसनं.

"सर, खालच्या तीनाचा दोन करू?
ऑक्सिजन लगेच जुळतो."
नाही रे. खालचे आकडे पदार्थाचे,
आपल्याला फक्त पुढे लिहिता येतं.

खोडतो. चार. तीन. दोन.
ऑक्सिजन सहाला सहा,
लोखंड चाराला चार.

"म्हणजे गंजलं तरी गेलं काहीच नाही?"
उलट वजन वाढलं. हवा आली ना आत.

"मग शेठ गंजाचे किलो का कापतो?"

घंटा झाली.
त्यानं वहीत शेठचं नाव लिहिलं,
पुढे बाण काढला
आणि पलीकडची जागा
कोरीच ठेवून वही मिटली.