साखरेची बरणी

एकोणीस वर्षं मी कुताइसीच्या कोर्टात
दुसऱ्यांचं बोलणं टाइप केलं.
चोरलेली गाय, बांधावरचा अक्रोड,
मेलेल्या भावाची सही.
नियम असा, की साक्षीदार रडला तर रडणं लिहायचं नाही.
तीन सेकंदांच्या वर गेलं,
तर लिहायचं : विराम.
असे हजारो विराम लिहिले मी.
घेतला एकही नाही.

मग ऑक्टोबरात एका सकाळी
चहाची किटली उचलेना.
जड नव्हती, अर्धीच भरलेली.
मनगटापासून कोपरापर्यंत एक तार जळत गेली
आणि मी काय म्हणाले हाताला?
म्हणाले, नाटकं पुरे.

डॉक्टर त्सिसाना माझ्या मुलाच्या वयाची,
कानात अजून शाळकरी पोरीचे डूल.
करड्या पट्ट्यात हात बांधून म्हणाली,
सहा आठवडे. टाइप बंद.
आणि फोनवर बोट सरकवणं,
तेही कामच धरा, एतेरी.
मला हसू आलं.
मला वाटायचं, तीच तर माझी विश्रांती.

लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं आमच्या.
डाव्या हाताने ते तीनदा पडलं.
चौथ्यांदा मी ते तिथंच राहू दिलं
आणि पाच मजले चढून आले,
स्वतःला शिव्या घालत, पायरीला एक.

फोन ठेवला साखरेच्या रिकाम्या बरणीत.
सात वाजता काढायचा.
ग्दान्स्कहून बाद्री बोलतो,
जहाजांना रंग देतो तो, आवाजातही रंगाचा वास येतो.
बोलून झालं की परत आत, झाकण घट्ट.
काचेला चिकटलेले दोन कण
पहिले काही दिवस मी चाटून पुसायचे.
कोण बघतंय?

खालचा नोदारी संत्री घेऊन आला.
बस चालवायचा पूर्वी, गुडघ्याने बसवलं घरी.
माझ्या हाताकडे त्याने पाहिलं,
विचारलं काहीच नाही.
सोलत बसला,
फोडी बशीच्या कडेला ओळीने लावत,
जणू शेवटच्या थांब्यावर उतरणारी माणसं.
मी म्हणाले, मला जमेल.
तो म्हणाला, जमेलच की.
आणि सोलत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात घसरले.
रात्री तीन वाजता बरणी उघडली,
डावा अंगठा पुरे होता.
परक्या बायकांची स्वयंपाकघरं,
पीठ मळणारे धडधाकट हात,
एकामागून एक, एकामागून एक,
खिडकीत उजाडेपर्यंत.
मग अंगठाही ठणकू लागला.

आतला न्यायाधीश तयारच होता.
आरोपी उभी राहा, म्हणाला.
या वयात. कळत असून. पुन्हा.
सवयीने मी मनातल्या मनात टाइप करू लागले
त्याचा शब्द न् शब्द,
आणि का कोण जाणे, मध्येच लिहिलं :
विराम.

तो थांबला.
इतकी वर्षं त्याला कुणी थांबवलंच नव्हतं बहुतेक.
नळाचा थेंब ऐकू आला. खाली कुणाची तरी गाडी चालू होईना.

मी पाणी तापवलं, पट्टा सोडला.
हात किती फिकट पडला होता आतून,
पावाच्या गाभ्यासारखा.
भिजलेल्या पिल्लाला म्हणावं तसं म्हणाले,
ये. इथं ठेव. जमलं नाही ना आज?
असू दे.
मोठ्याने म्हणाले. लाज वाटली.
पाणी निवेपर्यंत बसून राहिले तरी.

बरी झाले असं नाही.
किटली आता पाव भरते, दोनदा ठेवते.
बरणी अजून रात्रीची बोलावते, कधी जाते, कधी नाही.
गेले तर सकाळी खटला चालवत नाही.

काल रिओनीच्या पुलावर उभी होते.
पाणी उतरलेलं, पांढरे धोंडे उघडे,
एका धोंड्यावर बगळा,
एका पायावर, कसलीही घाई नसलेला.
हात आपसूक खिशात गेला, फोटोसाठी.
खिशात संत्र्याची साल होती.