र, दोन चौकटी, म

टानेल नॉर्वेला गेला, जहाजं जोडायच्या कामावर.
जाताना माझ्या जुन्या लॅपटॉपमधली विकतची सिस्टीम
त्यानं मुळासकट उपटली, ही बसवली,
म्हणाला, "आत्या, ही मुक्त आहे."
"म्हणजे फुकट?"
"फुकट आहेच. पण मुद्दा तो नाही."
मुद्दा काय, ते सांगेपर्यंत बोट थांबली नाही.

आता फेब्रुवारी. सारेमाच्या कडेनं समुद्र गोठलाय.
शनिवारी कुरेसारेच्या बाजारात मध न्यायचाय,
चौसष्ट बरण्या, आणि लेबलं छापायचीत.
प्रिंटर म्हणतो, मी इथे आहे.
लॅपटॉप म्हणतो, कुठे?
दोघं एका टेबलावर, मध्ये वीतभर वायर,
लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी
आम्ही दोघं जेवायला बसायचो तसे.

पाकिटाच्या पाठीवर टानेलनं आज्ञा लिहून ठेवल्यात.
काळ्या खिडकीत जशाच्या तशा टाइप करायच्या,
टिंब म्हणजे टिंब, आत्या, मोकळी जागा म्हणजे मोकळी जागा.
सुईत दोरा ओवावा तसं एकेक अक्षर घालते.
मग ती पासवर्ड मागते.
मी लिहिते, आणि काही उमटत नाही.
अक्षर नाही, ठिपका नाही, रेघ जागची हलत नाही.
पहिल्यांदा वाटलं कीबोर्डच गेला.
पुसला, उलटा करून झटकला,
पावाचे कण पडले आणि एक मेलेली मधमाशी.
फोनवर टानेल हसला:
"असंच असतं ते. ऐकतंय. दाखवत नाही."
असल्यासोबत मी संसार केलाय, पोरा.
त्यासाठी मशीन कशाला हवं होतं?

झाकण मिटलं की झोपतं, उघडलं की उठत नाही.
आवाज फक्त डाव्या कानात.
मंगळवारच्या अपडेटनं वाय-फाय गेलं;
ते परत आणणारं अपडेट वाय-फायवरून येतं.
शेजारची हेल्वे म्हणते, पैसे मोज आणि सुटका करून घे.
धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, मान्य,
पण ही गाय रोज सकाळी
गोठ्यात वेगळंच तोंड घेऊन उभी असते.

खरी अडचण निराळीच.
कोणीतरी कुठेतरी, पगाराविना,
दिवसाची नोकरी आटोपून, मुलं निजल्यावर
हे दुरुस्त करत बसतो म्हणे.
विकतच्या वस्तूला मी मनसोक्त शिव्या द्यायचे.
याला कशा देऊ?
तोंडाशी येते आणि गिळते.
एकदा वाटलं त्याला बरणी पाठवावी.
पत्ता कुठला?

गुरुवारी रात्री साडेअकराला
कोणीही काही न करता प्रिंटर घरघरला
आणि लेबलं आली. मध, पाचशे ग्रॅम, वर्ष.
खाली आमचं आडनाव:
र, मग दोन रिकाम्या चौकटी, मग म.

आमच्या आडनावाचा अर्थ आनंद.
त्यात एक अक्षर दोनदा येतं,
ओ, डोक्यावर लाट घेतलेला.
या बेटावर आम्हाला ते बोलता येत नाही,
जीभ जवळच्याच दुसऱ्या अक्षरावर घसरते,
तार्तूचे लोक आमची नक्कल करतात.
आता याच्याही तोंडून ते निघत नाही.
म्हणजे हे इथलं झालं.

टानेलला कळवलं नाही, त्यानं आणखी एक आज्ञा दिली असती.
पेन घेतलं. चौकटीत गोल, गोलावर लाट.
चौसष्ट लेबलं, एकशे अठ्ठावीस लाटा.
चाळिसाव्यापासून हात सैल पडला,
लाटा तिरक्या, काही तर चौकटीबाहेर.
खिडकीबाहेर मात्र एकही नव्हती,
पार मुख्य भूमीपर्यंत पांढरं, टणक.

सकाळी त्यानं अदबीनं विचारलं: अपडेट करू?
कर बाबा.
अक्षर दुरुस्त झालं. आनंद नीट, दोन्ही लाटांसकट.
आवाज आता डाव्या कानातही नाही.

कागद होते, शाई होती.
मी पुन्हा छापलं नाही.