प्रश्न सातवा

"पहिली गोळी कोणी दिली?"
फॉर्ममधला हा सातवा प्रश्न.
भावेश नेवारे, वय एकोणीस, तुमसरपलीकडचा,
धानाच्या बियाण्याची रिकामी पिशवी उघडतो.
आत चिठ्ठ्या, घड्या घातलेल्या.

"डागदरानंच देल्ली, मॅडम.
कबड्डीत टोंगळा सरकला होता.
पंधरा दिवस, जेवल्यावर."
सोळाव्या दिवशी टोंगळा बरा,
पाय मात्र रात्रभर खाटेवर चालत राहिले.

मग मेडिकलवाला
चिठ्ठी न बघताच पट्टी कापून द्यायचा.
मग राईस मिलमध्ये हमाली,
दोन गोळ्यांत पोतं हलकं, चारांत आणखी हलकं.
मग खोकला नसताना खोकल्याची बाटली.
"माय शेजारनीले सांगे,
पोरगं औषध टायमावर घेते."

मी लिहिते : कालावधी तीन वर्षं.
त्याच्या नाकातून पाणी, हातावर काटा.
बाहेर मे महिना, शेहेचाळीस डिग्री.

उठताना तो पहिली चिठ्ठी परत मागतो.
घडीवर फाटलेली. औषधाचं नाव
मलाही लागत नाही,
त्याचं मात्र टपोरं, आडनावासकट.

"असू द्या माह्याजवळ," म्हणतो,
"एवढं सुदं माह्यं नाव
कोनीच लिवलं नाई."