खरं

सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर करतो.
पुरतं उघडलं की लोकांना वाटतं, हा कामाला लागला.
शहापूरच्या आमच्या गल्लीत दोनच माग उरलेत,
एक खोकतो, एक चालतो.
रेडिओच्या काट्याचा दोरा सैल झालाय,
धारवाड लावलं की त्याच्या पोटातून
बारीक, सर्दी झाल्यासारखी, सांगली येते.
इकडे कन्नडमध्ये तुरीचा भाव,
तिकडे कुणीतरी तोडी आळवतंय,
कोमल गंधारावर येता येता
तूर चाळीस रुपयांनी पडते.
मी काट्याला हात लावत नाही.

भाच्यानं, सोहमनं, फोनात एक ॲप घालून दिलंय.
पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आराम,
की एक टोमॅटो पिकतो.
काल माझे अडीच टोमॅटो झाले.
अर्ध्यावर सातेरी आला हंगरग्याहून,
"काय करालायस गा?" म्हणाला, आणि बसला.
सातेरी बसला की टोमॅटो सडतात.

त्याला पोरीच्या लग्नाचे फोटो हवेत, पंधरा वर्षांमागचे.
आहेत की, डीव्हीडीवर आहेत.
डीव्हीडी चालवायचं यंत्र तेवढं नाही.
त्याच्या स्वतःच्या लग्नाचे मात्र
बिस्किटांच्या डब्यात, निगेटिव्ह, धडधाकट.
दारातल्या उजेडाकडे धरले:
वरातीतली वीस-बावीसची पोरं,
केस पांढरे, दात काळे.
"आत्ता दिसतात तशीच आलीत," सातेरी म्हणाला.

मागल्या आठवड्यात हायवेवर पुन्हा बस अडवली.
कुणी ते विचारू नका,
दोन्हीकडच्यांची पाळी होऊन गेलीय.
पेपरवाल्याचा फोन, काळं फासलेल्या काचेचा फोटो पाठवा.
जाईपर्यंत काळं वाळलं होतं.
ड्रायव्हर मागच्या चाकाला टेकून डबा खात होता,
जोंधळ्याची भाकरी, पुंडीची भाजी,
मांडीवर फोन, फोनवर गाणं,
कुठल्या भाषेतलं ते ट्रकांनी ऐकू दिलं नाही.
मान मात्र समेवर हलत होती.
दोन्ही काढले.
काच छापून आली.
ड्रायव्हर माझ्याकडे आहे.

मग बोर्डाची नोटीस. अमुक टक्के अक्षरं कन्नड हवीत.
इरण्णा पेंटर टेप घेऊन आला, स्टुलावर चढला,
खाली उतरून म्हणाला, "तुमच्या 'टो'नं लई जागा खाल्लीय."
तो 'टो' त्याच्या बापानं रंगवलेला.
ट-ची गोलाई जमवायला म्हाताऱ्यानं
अर्धा दिवस आणि चार चहा घेतले होते.
इरण्णानं बोट फिरवलं त्या गोलाईवरून,
मोजमाप मात्र लिहून घेतलं.

आज दुपारी निंगव्वा आली, पेन्शनच्या फोटोला.
नवं सॉफ्टवेअर चेहरा आपला आपण साफ करतं:
सुरकुत्या, तीळ, तेलकटपणा.
तिच्या कपाळावरचं गोंदणही त्यानं
डाग समजून पुसलं.
म्हातारीनं फोटो लांब धरला, जवळ धरला.
"फोटू चांगला आलाय बघ,
खरं ही मी न्हवं."

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो खरं उशीर होईल.
जेवलोय खरं भूक आहे.
पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं,
त्यांना वाटतं आम्ही वाक्यावाक्याला शपथ घेतो.
चाळीस वर्षं फोटो काढतोय,
हा शब्द कधी निरखून पाहिला नव्हता.

ते पुसणं बंद करायचं बटण सोहमलाच ठाऊक,
आणि तो गेलाय हुबळीला.
म्हणून निंगव्वाला शेजारी स्टुलावर बसवलं,
आणि तिच्या कपाळाकडे बघत
माऊसच्या टोकानं एकेक ठिपका परत ठेवला.
पाच होते.
मधे केव्हातरी फोन वाजला, टोमॅटो गेला असणार.
रेडिओवर सांगली विरली होती, धारवाडच्या बातम्या चालू,
निंगव्वा त्या ऐकत होती की झोपली होती कळेना.
चौथा ठिपका जरा वाकडा बसला.
मान वळवून पाहिलं,
तिचाही वाकडाच आहे.