क्षेत्र

अर्जात रकाना होता : विशेष अभ्यासाचं क्षेत्र.
बाबांनी विचारलं, किती आर?
सातबाऱ्यापलीकडं क्षेत्र असतं
हे मला तरी तोवर कुठं ठाऊक होतं.

यादीत पश्चिम आशिया, लॅटिन अमेरिका,
आणि पार तळाला, मध्य आशिया व तिबेट.
मी बोट ठेवलं. बाबा वाकले :
हे तं गोठणगावच्या रस्त्यावर आहे वं.

आहेच. कॅम्पातली यांगचेन
थंडीभर नागपुरात स्वेटर विकते,
परतली की आमच्या चक्कीवर
भाजलेले गहू दळायला आणते,
इकडं जव मिळत नाही म्हणून.

मुलाखतीत सरांनी विचारलं, फील्डवर्क कसं कराल?
मी म्हटलं, सायकलीनं.
ते हसले. मी खरंच सांगत होते.

पहिल्या सुट्टीत वही घेऊन बसले.
नकाशात सीमा तुटक रेघांची,
एकाच ठिकाणी तीन देशांच्या तीन.
विचारलं, तुझं गाव यातलं कोणतं?

यांगचेननं पिठाळलेलं बोट नकाशावर फिरवलं,
कुठंच टेकवलं नाही.
मग डबा पुढं सरकवला :
पैले हे दळून दे,
लाइन जाईन.