विषय क्रमांक सात

सूचक द्वारका डोर्लेकर, अनुमोदक मुमताज होडेकर.
वर झालेल्या हातांना अजून चिखलाचा वास होता,
तिसऱ्या काढून थेट सभेला आलेल्या.
मी मोजले. एकशे अकरा.
विरोधात कोणी नाही. तटस्थ एक,
सरपंचांचा मेहुणा. त्याची बार्ज आहे.

ठराव लिहिला: खाडीत सक्शन पंप नकोत.
अक्षर नीट काढलं. शिक्का दोनदा मारला,
पहिला पुसट उठला म्हणून.

उत्तर आलं दिवाळीनंतर.
वाळू महसुलाची, पाणी बंदर खात्याचं,
कांदळवन वनविभागाकडे, मासा मत्स्यविभागाकडे,
सबब सदर बाब आपल्या अधिकारकक्षेत येत नाही.
द्वारकाबाईंना वाचून दाखवलं.
"मग खाडीतलं आमचं काय, भाऊसाहेब?"
दिवाबत्ती, मी म्हणालो. जेटीवरचे तीन खांब.
त्यातला एक लागतो.

तरीत बसून पलीकडे गेलो, रागानं,
कोंडसरच्या ग्रामसेवकाला जाब विचारायला.
तो माझ्याच बॅचचा. चहा सांगितला, दप्तर उघडलं.
त्यांचाही ठराव होता: पंप हवेत.
चौदा पोरांना काम, शाळेवर पत्रे.
एकशे बारा हात. विरोधात कोणी नाही.
खाली टाचलेलं उत्तर,
त्याच ओळी, तीच सही,
जावक क्रमांक तेवढा पुढचा.
लिलाव तर आम्हा दोघांच्याही आधी झालेला.

परतताना तरीत बसून बेरीज केली.
दोन्ही काठ एका मांडवात बसवले असते
तर आम्ही एका हातानं हरलो असतो.
हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही.

मुमताजच्या सात माडांची मुळं आता उघडी आहेत.
भरतीला ती हलतात, दाढीसारखी.

पुढची सभा गणपूर्तीअभावी तहकूब.
ओहोटी नेमकी अकराची होती;
बायका होत्या तिथेच होत्या,
घोटाभर पाणी असायचं तिथे कमरेइतक्या.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तसा नियम आहे.
मी होतो, शिपाई होता,
आणि पाणीपट्टी भरायला आलेला एक म्हातारा,
तो बाकावर बसून राहिला.
विषय क्रमांक सात पुन्हा वाचला.
खिडकीतून पंपाचा आवाज येत होता
म्हणून जरा मोठ्यानं.